भयगंडोपचार आणि तणाव-हॉर्मोने

प्रत्यक्षात धोका नसलेल्या अथवा अगदी अल्प धोका असलेल्या एखाद्या विशिष्ट वस्तूविषयी, प्राण्याविषयी वा परिस्थितीविषयी वाटणारी तीव्र, सातत्याने टिकणारी आणि विवेकाने न आवरणारी भीती म्हणजे भयगंड (फोबिया) होय. भयगंडाने ग्रस्त व्यक्तीला आपली भीती अवास्तव आहे हे बहुधा कळत असते. तरीही ती भीतीचा विषय कटाक्षाने टाळते आणि या टाळण्यामुळेच भीती दृढ होत जाते. भीतीच्या विषयाला रुग्णाने टप्प्याटप्प्याने सामोरे जावे, ही या विकारावरील मानसोपचारांची आज सर्वमान्य झालेली पद्धती आहे. तणावाच्या प्रसंगी अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल हे हॉर्मोन या मानसोपचाराच्या जोडीने दिल्यास त्याचा परिणाम वाढतो, असे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील काही प्रयोगांत आढळून आले. तणावात वाढणारे द्रव्यच भीती घटविण्यास साहाय्यभूत व्हावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. ही विसंगती कशी उकलली याचा इतिहास शरीरक्रियाविज्ञान, वर्तनवादी मानसशास्त्र आणि स्मृतिसंशोधन या तीन शाखांशी निगडित आहे.

प्रारंभीच्या कल्पना : ग्रीक पुराणकथांतील फोबॉस या भयदेवतेच्या नावावरून ‘फोबिया’ ही संज्ञा आलेली आहे. हिपॉक्राटीझच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या वैद्यकीय लेखनात, रात्रीच्या मेजवानीत बासरीचे सूर कानी पडताच भयभीत होणाऱ्या एका मनुष्याचे आणि कड्याच्या कडेने वा पुलावरून जाऊ न शकणाऱ्या दुसऱ्या एकाचे वर्णन आढळते. १८७१ मध्ये कार्ल व्हेस्टफाल (१८३३–९०) या जर्मन मनोविकारतज्ञाने मोकळ्या चौकांतून जाण्याची भीती वाटणाऱ्या रुग्णांचे वर्णन करून तीस स्वतंत्र नाव दिले. त्यानंतर विशिष्ट भीतींना ग्रीक नावे देण्याची प्रथाच पडली. मात्र नावे वाढली तरी उपचार वाढले नाहीत. सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) याने १९०९ मध्ये घोड्याला भिणाऱ्या एका पाच वर्षांच्या मुलाचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि भीतीचा बाह्य विषय हे दडपलेल्या आंतरिक संघर्षाचे प्रतीक असते, असे प्रतिपादन केले [⟶ मनोविश्लेषण].

वर्तनवाद्यांनी यापेक्षा वेगळी भूमिका घेतली. रशियन शरीरक्रियावैज्ञानिक इव्हान पाव्हलॉव्ह (१८४९–१९३६) याने अभिसंधित प्रतिक्षेपाचा सिद्धांत मांडला होता. त्याच्या आधारे जॉन वॉटसन (१८७८–१९५८) व रोझाली रेनर यांनी १९२० मध्ये एका तान्ह्या मुलाच्या मनात पांढऱ्या उंदराविषयी भीती निर्माण करून दाखविली. उंदीर दिसताच मुलाच्या पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा आपटून कर्कश आवाज करण्यात येई. हा प्रयोग नैतिक दृष्ट्या आक्षेपार्ह होता व आज त्यास कोठेही परवानगी मिळणार नाही. परंतु भीती शिकली जाते, हे त्यातून सूचित झाले. शिकलेली भीती घालविताही येते, हे मेरी कव्हर जोन्स हिने १९२४ मध्ये दाखविले. सशाला भिणाऱ्या एका लहान मुलास आवडीचा खाऊ देत असताना तिने ससा रोज थोडा थोडा जवळ आणला आणि अखेरीस मूल सशाशी खेळू लागले. दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पी (१९१५–९७) याने १९५८ मध्ये याच तत्त्वावर ‘क्रमबद्ध असंवेदनीकरण’ ही पद्धत मांडली. तीत रुग्णास प्रथम शरीर शिथिल करण्यास शिकवून नंतर सौम्य भीतीपासून तीव्र भीतीपर्यंतच्या प्रसंगांची क्रमाने कल्पना करावयास सांगत. लंडनमधील आयझॅक मार्क्स व इतरांनी पुढे असे दाखविले, की शिथिलीकरणापेक्षा भीतीच्या विषयाला प्रत्यक्ष व पुरेसा वेळ सामोरे जाणे हाच उपचाराचा गाभा आहे.

विलोपन व त्याची मर्यादा : अभिसंधित प्रतिक्षेपाचे विलोपन होते, म्हणजे घंटा वारंवार वाजवूनही अन्न न दिल्यास कुत्र्याची लाळ सुटणे थांबते, हे पाव्हलॉव्हने दाखविले होते. तथापि काही काळ मध्ये जाऊ दिल्यास तोच प्रतिक्षेप आपोआप परत येतो, हेही त्याच्या नजरेस आले होते. या निरीक्षणाचे महत्त्व विसाव्या शतकाच्या अखेरीस मार्क बौटन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनामुळे विशेष लक्षात आले. त्याच्या मते विलोपनात जुनी स्मृती पुसली जात नाही. ‘येथे धोका नाही’ अशी दुसरी स्मृती तिच्या शेजारी तयार होते. या दोन स्मृतींत स्पर्धा असते आणि नवी स्मृती ज्या परिस्थितीत तयार झाली त्या परिस्थितीशी अधिक जखडलेली असते. उपचारकेंद्रात निर्भयपणे गॅलरीत उभा राहणारा रुग्ण घरी परतल्यावर इमारतीच्या गच्चीवर पुन्हा घाबरतो, याचे स्पष्टीकरण यात मिळते. नवी स्मृती अधिक बळकट कशी करावी, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरला.

तणाव-हॉर्मोनांचा शोध : जोकिची ताकामीने (१८५४–१९२२) या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०१ च्या सुमारास अधिवृक्क ग्रंथीतील ॲड्रेनॅलीन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. भीती व क्रोध यांच्या वेळी हे द्रव्य रक्तात येऊन शरीराला लढण्यास वा पळण्यास सज्ज करते, हे वॉल्टर कॅनन (१८७१–१९४५) याने १९१५ मधील आपल्या ग्रंथात दाखविले. माँट्रिऑल येथील हान्स सेल्ये (१९०७–८२) याने १९३६ मध्ये असे प्रसिद्ध केले, की थंडी, इजा, विष इ. अगदी भिन्न आघातांना उंदरांचे शरीर एकाच ठराविक पद्धतीने प्रतिसाद देते व त्यात अधिवृक्क ग्रंथीचे बाह्यक वाढते. तणावाच्या आधुनिक संकल्पनेचा उगम या संशोधनात आहे.

त्याच सुमारास अधिवृक्क बाह्यकातील द्रव्ये वेगळी करण्याचे काम अमेरिकेत एडवर्ड केंडल (१८८६–१९७२) आणि स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन (१८९७–१९९६) हे स्वतंत्रपणे करीत होते. सप्टेंबर १९४८ मध्ये फिलिप हेंच (१८९६–१९६५) याने त्यांपैकी एक द्रव्य—पुढे ते कॉर्टिसोन या नावाने ओळखले गेले—संधिवाताभ संधिशोथाने अंथरुणाला खिळलेल्या एका रुग्णास टोचले आणि थोड्याच दिवसांत तो रुग्ण चालू लागला. या तिघांना १९५० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. राइखश्टाइनचे कार्यक्षेत्र असलेले बाझेल हेच शहर पुढे अर्धशतकाने या कथेत पुन्हा महत्त्वाचे ठरले.

कॉर्टिसॉलच्या स्रवणाची साखळी मेंदूपासून सुरू होते. धोक्याची जाणीव होताच अधोथॅलॅमसातून निघालेला रासायनिक संदेश पोष ग्रंथीस मिळतो. पोष ग्रंथीचे हॉर्मोन रक्तावाटे अधिवृक्क बाह्यकापर्यंत जाते आणि तेथून कॉर्टिसॉल रक्तात येते. रक्तातील त्याचे प्रमाण दिवसभर सारखे नसते. ते पहाटेनंतर जाग येण्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि रात्री सर्वांत कमी होते. कॉर्टिसॉल मेंदूतही शिरते. स्मृतीशी संबंधित असलेला अश्वमीनाकार भाग (हिपोकँपस), भीतीचे केंद्र मानला जाणारा बदामाकार गाभा (ॲमिग्डाला) व विवेकाशी निगडित असलेला अग्रललाट खंड या तिन्ही ठिकाणी त्याचे ग्राहक (त्याच्याशी जोडले जाणारे कोशिकांतील रेणू) आहेत.

स्मृतीवरील दुहेरी परिणाम : भावनोत्कट प्रसंग अधिक काळ स्मरणात राहतात, याचे कारण तणाव-हॉर्मोने नव्या स्मृतींचे दृढीकरण करतात, हे जेम्स मॅगॉ व त्याच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात केलेल्या प्राणिप्रयोगांतून स्पष्ट झाले. १९९८ मध्ये दोमिनिक द केर्व्हँ, बेनो रोझेंडाल व मॅगॉ यांनी या चित्राची दुसरी बाजू दाखविली. पाण्याच्या हौदातील लपलेला ओटा शोधण्यास शिकलेल्या उंदरांना चाचणीपूर्वी अर्धा तास विजेचा सौम्य धक्का दिला, तर त्यांना ओट्याची जागा आठवत नसे. मात्र तणाव-हॉर्मोनाची निर्मिती औषधाने रोखल्यास हा अडथळा दूर होई. दोन वर्षांनी माणसांवरील प्रयोगातही तसेच आढळले. २५ मिग्रॅ. कॉर्टिसोन घेतलेल्या निरोगी व्यक्तींना आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द कमी आठवले. परीक्षेच्या भीतीने पाठ असलेले उत्तर ऐन वेळी न आठवण्याचा सर्वपरिचित अनुभव या यंत्रणेशी जुळणारा आहे.

यातून उपचारोपयोगी तर्क निघाला. भयगंडाच्या रुग्णाला कोळी दिसताच भीतीची जुनी स्मृती जागी होते व ती अनुभवल्यामुळे पुन्हा दृढ होते. त्या क्षणी रक्तात कॉर्टिसॉल पुरेसे असेल, तर जुनी स्मृती कमी प्रमाणात जागी होईल; आणि ‘काहीही वाईट घडले नाही’ हा नवा अनुभव मात्र अधिक दृढ होईल. म्हणजे एकाच द्रव्याने एक दुष्टचक्र मंदावते व विलोपनाला बळ मिळते. म्यूनिक येथील अतिदक्षता विभागांतील निरीक्षणेही या तर्काला पोषक होती : जंतुविषबाधेमुळे आघातावस्थेत गेलेल्या ज्या रुग्णांना हायड्रोकॉर्टिसोन देण्यात आले होते, त्यांच्यात पुढे त्या दिवसांच्या भयावह आठवणींचा विकार कमी आढळला.

रुग्णांवरील प्रयोग : लैला सोराव्हिया, द केर्व्हँ व सहकारी यांचा पहिला महत्त्वाचा निबंध २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात लोकांसमोर बोलण्याची भीती असलेल्या ४० व्यक्तींपैकी काहींना भाषणाच्या प्रसंगापूर्वी एक तास २५ मिग्रॅ. कॉर्टिसोन व इतरांना निरौषध गोळी देण्यात आली. कॉर्टिसोन घेतलेल्यांनी कमी भीती नोंदविली. कोळ्याला भिणाऱ्या २० व्यक्तींना दोन आठवड्यांच्या अवधीत अनेकदा कोळ्याचे छायाचित्र दाखविण्यात आले. त्यापूर्वी १० मिग्रॅ. हायड्रोकॉर्टिसोन घेतलेल्यांची भीती क्रमाक्रमाने उतरत गेली आणि औषधाविना घेतलेल्या शेवटच्या चाचणीतही ती कमीच राहिली.

२०११ मध्ये द केर्व्हँ याच्या बाझेल येथील गटाने हे तत्त्व प्रत्यक्ष मानसोपचाराला जोडले. उंचीची भीती असलेल्या ४० रुग्णांवर संगणकनिर्मित आभासी दृश्यांच्या साहाय्याने तीन बैठकींत उपचार करण्यात आले. प्रत्येक बैठकीपूर्वी एक तास निम्म्या रुग्णांना २० मिग्रॅ. कॉर्टिसॉल व निम्म्यांना निरौषध गोळी मिळाली. कोणास काय मिळाले हे रुग्णास वा उपचारकास ठाऊक नव्हते. उपचार सर्वांनाच लाभले. परंतु कॉर्टिसॉल मिळालेल्यांची भीती अधिक उतरली व एक महिन्यानंतरच्या तपासणीतही हा फरक टिकून होता. २०१४ मध्ये कोळ्याच्या भीतीवरील दोन बैठकींच्या उपचारातही पाठपुराव्याच्या वेळी असाच फायदा दिसून आला. त्याच वर्षी जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात कोणतेही औषध न देता, केवळ बैठक सकाळी घेतल्यास ती सायंकाळच्या बैठकीपेक्षा अधिक परिणामकारक ठरते असे आढळले. सकाळी शरीरातील कॉर्टिसॉल स्वभावतःच अधिक असते, हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते.

या संशोधनाला समांतर असा दुसरा प्रयत्न सायक्लोसेरीन या औषधाचा होता. क्षयरोगावरील या जुन्या औषधाचा एक प्रकार उंचीच्या भीतीवरील उपचारात साहाय्यक ठरतो, असे २००४ मध्ये अमेरिकेत २८ रुग्णांच्या अभ्यासात दिसले. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत हा लाभ बराच कमी भरला. शिवाय बैठक अयशस्वी झाल्यास भीतीच अधिक दृढ होण्याची शक्यता पुढे आली. कॉर्टिसॉलवरील अभ्यासांतील रुग्णसंख्याही लहान आहे व सर्व प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. त्यामुळे ही पद्धत अद्याप नेहमीच्या उपचारांत समाविष्ट झालेली नसून संशोधनाच्याच कक्षेत आहे.

भारतातील संशोधन : बंगलोर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चतर्जी व सहकारी यांनी २००२ मध्ये असे दाखविले, की दीर्घकालीन तणावाने उंदरांच्या अश्वमीनाकार भागातील तंत्रिका कोशिकांच्या शाखा आखडतात, पण बदामाकार गाभ्यातील कोशिकांच्या शाखा उलट वाढतात. म्हणजे तणावाने एकीकडे स्मरणशक्तीची हानी होत असताना दुसरीकडे भीतीची यंत्रणा बळावते. याच गटाने २०१२ मध्ये तीव्र तणावाच्या वेळी तणाव-हॉर्मोनाचे प्रमाण वाढविल्यास या गाभ्यातील उशिरा दिसणारे बदल टळतात, असे नोंदविले. एकच द्रव्य मात्रा, वेळ व कालावधी यांनुसार घातक वा संरक्षक ठरते, हा या संशोधनाचा मथितार्थ होय.

मुंबई व उपनगरे : मुंबईत मानसोपचार वेड्यांच्या इस्पितळाच्या भिंतींबाहेर आले ते १९३८ मध्ये. त्या वर्षी के. आर. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. मुलुंडच्या सीमेलगत ठाणे येथे १९०१ पासून मनोरुग्णालय होते. परंतु तेथे तीव्र विकारांचे रुग्णच ठेवले जात आणि भयगंडासारख्या विकारांना तेथे वाव नव्हता. परळ येथील के. ई. एम. रुग्णालयात एन. एस. वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० व १९७० च्या दशकांत पातंजल योगाच्या आधारे एक उपचारपद्धती विकसित केली. आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा व ध्यान या पाच पायऱ्यांचा तीत समावेश होता. आपल्या एका निबंधात त्यांनी या पद्धतीला ‘अभिसंधान घालविणारा उपचार’ असे संबोधिले. शिकलेली प्रतिक्रिया उलगडण्याचा वोल्पीचा विचार व पतंजलीची चित्तवृत्तिनिरोधाची कल्पना यांची ती सांगड होती. विशेष म्हणजे केवळ बाह्य अनुकरण करणाऱ्या रुग्णगटाशी तुलना करून त्यांनी आपल्या पद्धतीची परीक्षा घेतली. अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी भाषकांपर्यंत पोहोचविण्याचे कार्य कि. मो. फडके यांनी केले, तर १९९० मध्ये आनंद नाडकर्णी यांनी ठाणे येथे स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेमुळे पूर्व उपनगरांतील रुग्णांना समुपदेशन व मानसोपचार जवळ उपलब्ध झाले.

भयगंडाचे सामाजिक परिणाम उपनगरी जीवनात ठळकपणे दिसू शकतात. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर वा मुलुंड येथील नोकरदाराला गर्दीच्या लोकलची, उद्वाहकाची वा उंच पादचारी पुलाची भीती टाळून उदरनिर्वाह करणे कठीण असते. जून २०१४ मध्ये सुरू झालेला वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर हा मेट्रोमार्ग संपूर्णपणे उन्नत आहे. भीतीमुळे बढती नाकारणारा, दूरचा बसमार्ग पत्करणारा वा नोकरी सोडणारा मनुष्य आपली अडचण लाजेने सांगत नाही व घरचे त्याला भित्रा ठरवितात.

ही उपनगरे खऱ्या भयालाही सामोरी गेली आहेत. १३ मार्च २००३ रोजी मुलुंड स्थानकात लोकलमध्ये, त्याच वर्षी २८ जुलै रोजी घाटकोपर येथे बसमध्ये आणि ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत स्फोट झाले. शेवटच्या घटनेतील स्फोटांच्या जागांत जोगेश्वरी व बोरिवली यांचा समावेश होता व तीत एकशे ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या धावू लागल्या आणि प्रवासीही परतले. त्याचे वर्णन शहराचे धैर्य असे केले गेले. पण त्यामागे रोजच्या कमाईची सक्तीही होती. मानसशास्त्रीय दृष्ट्या गाडीत पुन्हा बसणे व सुखरूप उतरणे ही विलोपनाचीच क्रिया आहे. तथापि ज्यांनी स्फोट प्रत्यक्ष अनुभवला, त्यांचा आघातोत्तर विकार आणि साधा भयगंड या दोन भिन्न गोष्टी आहेत. आघातोत्तर विकारात भीतीला खऱ्या घटनेचा आधार असतो आणि तिच्यावरील उपचार अधिक काळजीने व तज्ञाच्या देखरेखीखालीच करावे लागतात.

धोके व मर्यादा : प्रयोगांतील मात्रा लहान व क्वचित दिलेली असते. अधिवृक्क ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णांना पूरक म्हणून रोज द्यावे लागणारे हायड्रोकॉर्टिसोन साधारणतः १५ ते २५ मिग्रॅ. असते, म्हणजे प्रयोगातील एका बैठकीची मात्रा त्या दैनिक मात्रेएवढीच असते. याउलट ही औषधे दीर्घकाळ वा मोठ्या प्रमाणात घेतल्यास रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्गाला होणारा प्रतिकार घटतो व मनःस्थितीही बिघडते. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडांचा अतिरेकी वापर यांमुळे म्यूकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाचे हजारो रुग्ण देशात आढळले. महाराष्ट्र हे सर्वाधिक झळ पोहोचलेल्या राज्यांपैकी एक होते. त्यात अनेकांना डोळा वा जबडा गमवावा लागला. कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई असलेली ही औषधे भीतीवरील घरगुती उपाय म्हणून घेणे म्हणूनच घातक आहे. शिवाय मानसोपचाराविना नुसती गोळी घेण्यात काही अर्थ नाही. हॉर्मोनाने जे दृढ व्हावयाचे तो नवा अनुभवच तीत नसतो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार मनोरुग्णावरील संशोधनास त्याची स्वेच्छेने व पूर्ण माहितीनिशी दिलेली संमती आवश्यक आहे.

भयगंड हा बऱ्या होण्याजोग्या मनोविकारांपैकी एक असून सामोरे जाण्याचा उपचार औषधाविनाही बहुसंख्य रुग्णांना गुण देतो. तणाव-हॉर्मोनांच्या संशोधनाने त्यास पर्याय दिलेला नाही. तो कशामुळे गुणकारी होतो व अधिक गुणकारी कसा करता येईल, यावर प्रकाश टाकला आहे. बैठक सकाळी ठेवण्यासारखा बिनखर्चाचा उपाय त्यातूनच सुचलेला आहे. रुग्णांची संख्या मोठी व उपचारकांची संख्या तोकडी असलेल्या भारतासारख्या देशात बैठकींची संख्या कमी करू शकणाऱ्या अशा प्रत्येक उपायाची काटेकोर चाचणी होणे महत्त्वाचे आहे.